सालाने ठरलेले गडी : विदर्भाच्या क्रिकेटमधील खेळाडूंच्या देवघेवीचा इतिहास

मराठीत ‘गडी’ हा शब्द मैदानावर उतरणाऱ्या खेळाडूलाही लागतो आणि दुसऱ्याच्या शेतावर मोलाने राबणाऱ्या माणसालाही. वर्धा जिल्ह्यासारख्या कापूसपट्ट्यात हे दोन अर्थ फारसे दूरचे नाहीत, कारण तेथे गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते, म्हणजे रोकड आणि धान्य यांच्या बोलीवर एक माणूस वर्षभरासाठी एका घराशी बांधला जातो, आणि साल सरले की तो त्याच मालकाकडे राहतो किंवा चार पैसे अधिक देणाऱ्या दुसऱ्या मालकाची वाट धरतो. खेळाडूंची देवघेव हा आधुनिक व्यावसायिक खेळांतील व्यवहार याहून वेगळ्या जातीचा नाही. फरक इतकाच की तेथे मालक म्हणजे संघ, साल म्हणजे हंगाम, आणि बोलीवर होणारी चर्चा पारावरून निघून वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर पोचलेली असते. अमुक खेळाडू देऊन तमुक घेतला, यात कोण फायद्यात राहिले, हा वाद अमेरिकन फुटबॉलच्या जगात बारमाही चालतो. विदर्भात तो क्रिकेटच्या निमित्ताने शंभर वर्षे चालू आहे, मात्र त्याला देवघेवीचा वाद म्हणून क्वचितच ओळखले गेले.

वर्ध्याच्या बाजूने या वादाकडे पाहण्यात एक विशेष सोय आहे. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा स्वतःचा प्रथमश्रेणी संघ कधीच बाळगून नव्हता. आधी मध्य प्रांत व वऱ्हाड, मग जुने मध्य प्रदेश राज्य, १९५६ च्या पुनर्रचनेनंतर द्वैभाषिक मुंबई आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र, असा त्याचा प्रशासकीय प्रवास झाला, आणि क्रिकेटमध्ये तो नागपूरच्या छत्राखालीच राहिला. भारतीय क्रिकेटची घटकरचना राज्यांच्या नकाशाशी तंतोतंत जुळत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. एकट्या महाराष्ट्रात तीन संघटना आहेत, मुंबई, पुणे हे केंद्र असलेली महाराष्ट्र, आणि नागपूर हे केंद्र असलेली विदर्भ. त्यामुळे आर्वीत किंवा हिंगणघाटला जन्मलेल्या मुलाचा ‘आपला संघ’ मुंबई नव्हे, पुणेही नव्हे, तर विदर्भ असतो. राज्य संघांची राष्ट्रीय स्पर्धा असलेल्या रणजी करंडकाचा पहिला हंगाम १९३४-३५ चा, आणि त्यात मध्य प्रांत व वऱ्हाडचा संघ होता; विदर्भ या नावाने संघ उतरला तो १९५७-५८ मध्ये. या दोन तारखांच्या आगेमागे प्रांतातील सर्वोत्तम गडी कोठे होते, याचा शोध घेतला तर ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दारी सापडतात.

सर्वांत ठळक नाव अर्थातच कोट्टारी कनकय्या नायडू यांचे. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मलेल्या आणि तेथेच हिस्लॉप महाविद्यालयात शिकलेल्या नायडूंना १९२३ मध्ये इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी आपल्या संस्थानात बोलावून घेतले आणि सैन्यात अधिकाराचे पद दिले. हे पद म्हणजे खेळाडूच्या वेतनाला दिलेले प्रतिष्ठित नाव होते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे पैशासाठी खेळणारा ‘व्यावसायिक’ आणि हौसेने खेळणारा ‘सभ्य गृहस्थ’ यांच्यात सामाजिक दरी होती, आणि संस्थानिकांनी ती मोठ्या चतुराईने बुजवली. खेळाडूला फलंदाजीसाठी नव्हे तर कप्तानीच्या हुद्द्यासाठी पगार मिळे, आणि हुद्द्याची कामे बव्हंशी मैदानावरच पार पडत. तीनच वर्षांनी, १९२६ च्या डिसेंबरात, मुंबईच्या जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध नायडूंनी ११ षटकारांसह १५३ धावा केल्या, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांना इंदूरचे म्हणून ओळखले. नागपूरने काय गमावले याची नोंद कोणत्याही धावफलकावर झाली नाही, कारण न झालेल्या धावा लिहिण्याची सोय धावफलकात नसते.

नायडूंच्या मागोमाग ही वाट रुंदावत गेली. त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू आणि डावखुरे फिरकी गोलंदाज हिरालाल गायकवाड या दोघांचाही जन्म नागपूरचाच, आणि दोघेही होळकर संघाचे आधारस्तंभ झाले. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध सी. एस. नायडूंनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. हे राबणे शब्दशः सालगड्याचे म्हणावे असे होते, आणि तरीही होळकर हरले. त्याच सामन्यात महूच्या छावणीत लष्करी सेवेसाठी आलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून नाबाद २४९ धावा काढून गेले, म्हणजे बाहेरून आणलेल्या गड्यांची यादी नागपूरपासून मिडलसेक्सपर्यंत लांबली होती. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत होळकर संघ १० वेळा अंतिम सामन्यात खेळला आणि त्यांपैकी ४ वेळा जिंकला. राजाश्रय नसता तर मध्य भारतातील एका संस्थानाला असे सातत्य साधले नसते, याबद्दल वाद संभवत नाही. वाद आहे तो असे सातत्य त्या भूमीत किती मुरले याबद्दल, आणि संस्थान विलीन झाल्यावर काही वर्षांतच होळकर हे संघनाम इतिहासजमा झाले, हे त्या वादातील एका बाजूचे भक्कम प्रमाण आहे.

बडोद्याचे उदाहरण देवघेवीचा हिशेब मांडायला अधिक सोपे आहे, कारण तेथे दोन्ही बाजूंचे आकडे उपलब्ध आहेत. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून खेळत होते आणि दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला होता. त्यांपैकी पहिल्या हंगामात पुण्याला हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या, रणजी करंडकातील हे पहिले त्रिशतक, आणि समोरचा संघ बडोद्याचाच होता. ज्याने आपल्याला इतके झोडपले त्यालाच आपल्या पदरी ठेवावे, हा संस्थानी शहाणपणा म्हणायचा की निव्वळ योगायोग, हे ठरवणे अवघड असले तरी १९४१-४२ पासून हजारे बडोद्याचे झाले, ही गोष्ट पक्की. त्यानंतर हजारे यांच्या कारकिर्दीत बडोद्याने १९४२-४३, १९४६-४७, १९४९-५० आणि १९५७-५८ अशी चार अजिंक्यपदे मिळवली, तर महाराष्ट्राच्या खात्यावर १९४०-४१ नंतर आजतागायत एकही जमा नाही. एका माणसाच्या जाण्याने ऐंशीहून अधिक वर्षांचा दुष्काळ पडतो असे म्हणणे अर्थातच पोरकटपणाचे ठरेल, पण देणाऱ्या संघाचे नुकसान ज्या काही मोजक्या प्रकरणांत डोळ्यांना दिसते, त्यांत हे अग्रभागी ठेवावे लागते.

या दोन राजाश्रित संघांची गाठ १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्यात अंतिम सामन्यात पडली. हजारे आणि लाहोरचे गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली, जी कोणत्याही गड्यासाठीची जागतिक सर्वोच्च भागी म्हणून २००६ पर्यंत टिकली, आणि होळकरांचा एक डाव ४०९ धावांनी पराभव झाला. सांगलीचा आणि लाहोरचा असे दोन गडी बडोद्यासाठी खेळत होते, आणि समोर नागपूरचे सी. के. नायडू इंदूरचे नेतृत्व करत होते; जन्मभूमीच्या कसोटीवर त्या मैदानावरील निम्मे नाट्य परके ठरले असते.

या कसोटीलाच हात घालणारा एक प्रश्न त्याआधी वर्ध्यात उभा राहिला होता, आणि तो क्रिकेटशी ज्यांचे नाव सहसा कोणी जोडत नाही अशा माणसापुढे आला. मुंबईत त्या काळी सर्वांत लोकप्रिय स्पर्धा रणजी नव्हे तर पंचरंगी होती, जीत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘रेस्ट’ असे पाच संघ धर्माच्या पायावर बांधलेले असत. १९४० च्या डिसेंबरात, म्हणजे महायुद्ध चालू असताना आणि वैयक्तिक सत्याग्रहाची धामधूम असताना, मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी महात्मा गांधींचा सल्ला घेण्यासाठी वर्ध्याला आले. गांधींनी अशा शोकाच्या काळात करमणुकीचे सोहळे नकोत असे सांगितलेच, पण त्यापुढे जाऊन महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे सामने आपण समजू शकतो, मात्र हिंदू, पारशी, मुसलमान असे धर्मनिहाय संघ कशासाठी हे आपल्याला कळत नाही, असे मत त्यांनी दिले. त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेतून बाहेर राहिला, आणि १९४६ मध्ये ती स्पर्धाच बंद पडली. खेळाडू कोणाचा, या प्रश्नाला त्या काळी तीन उत्तरे प्रचलित होती: तो त्याच्या धर्माचा, तो त्याला पोसणाऱ्या राजाचा, किंवा तो त्याच्या प्रांताचा. वर्ध्यातून निघालेल्या त्या मताने पहिल्या उत्तराची नैतिक बाजू काढून घेतली, विलीनीकरणाने दुसरे उत्तर निकालात काढले, आणि तिसरे, प्रांताचे, उत्तर एकटे उरले. ते मात्र वाटते तितके स्वयंसिद्ध नव्हते.

ते स्वयंसिद्ध नाही हे ओळखून त्याची कोष्टके मांडण्याचे काम अमेरिकेने केले, म्हणून येथे थोडे वळण घेणे उपयोगाचे आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या नवोदितांची दरवर्षी क्रमवार निवड होते, जिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात, आणि आदल्या हंगामात सर्वांत खालच्या क्रमांकावर राहिलेला संघ साधारणपणे पहिली निवड करतो. हा निवडीचा हक्क मालमत्तेसारखा हातबदल करू शकतो. संघ खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देतात, तसेच येत्या वर्षांच्या निवडीचे हक्कही देतात. १२ ऑक्टोबर १९८९ रोजी डॅलस काउबॉइज संघाने आपला सर्वांत मोलाचा धावपटू हर्शेल वॉकर मिनेसोटा वायकिंग्ज संघाला दिला आणि बदल्यात काही खेळाडू व निवडीच्या हक्कांचा भारा घेतला. त्या हंगामात डॅलसने १६ पैकी केवळ १ सामना जिंकला, आणि प्रथमदर्शनी हा सौदा वेडेपणाचा दिसला. पण त्या हक्कांतून उभा राहिलेला संघ १९९२, १९९३ आणि १९९५ या हंगामांचा अजिंक्यवीर ठरला. याच संघाने पुढे निवडीच्या प्रत्येक क्रमांकाला गुण देणारे कोष्टक तयार केले, ज्यात पहिल्या निवडीला ३००० गुण होते, आणि सौदा करताना दोन्ही पारड्यांतील गुण जुळवून पाहण्याची पद्धत रूढ झाली. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची प्रत हाताने धागा ओढून ठरवणाऱ्या पारख्याला या कोष्टकाचे फारसे नवल वाटले नसते, आणि त्यातील खोट कोठे आहे हेही त्याला चटकन उमगले असते. प्रत ठरवणे एक, आणि ती रुई कोणत्या गिरणीत जाणार हे कळणे दुसरे.

भारतात संस्थानिकांच्या जागी आधी सरकारी नोकऱ्या आल्या. सैन्यदल आणि रेल्वे यांचे स्वतंत्र रणजी संघ झाले, आणि पोटापाण्याच्या ओढीने प्रांताबाहेर जाणाऱ्यांचा ओघ थांबला नाही. विदर्भातून बाहेर जाणारी वाट तर विशेष सोपी होती, कारण १९५७-५८ पासून संघ उतरत असूनही त्याला दुबळ्यांच्या गटात गणले जाई, आणि ज्याला भारतीय संघाची स्वप्ने पडत त्याला मोठ्या संघाच्या अंगणात दिसणे आवश्यक होते. नागपूरचे वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य, जे १९९० च्या दशकाच्या मध्यावर भारताकडून एकदिवसीय सामने खेळले, ते बंगालच्या संघातही होते. विदर्भाच्या संघातून थेट कसोटी क्रिकेटमध्ये पोचलेला पहिला खेळाडू म्हणून उमेश यादव यांचे नाव लागले ते २०११ च्या नोव्हेंबरात. नागपूरजवळच्या खाणवस्तीतून आलेल्या या गोलंदाजासाठी विदर्भाला रणजी पदार्पणानंतर अर्धशतकाहून अधिक काळ थांबावे लागले.

दरम्यान नियमांनी प्रांताच्या भिंतीत एक अधिकृत दार ठेवले होते. संघटनेला आपल्या रणजी संघात बाहेरचे तीनपर्यंत खेळाडू मानधनावर घेता येतात. त्यांना क्रिकेटच्या बोलीत ‘प्रोफेशनल’ किंवा ‘पाहुणा खेळाडू’ म्हणतात, आणि जुन्या संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र मिळाले की असा खेळाडू नव्या संघाचा होतो. अमेरिकेतील पद्धतीहून येथे एक मूलभूत भेद आहे. खेळाडू सोडणाऱ्या संघटनेला बदल्यात दुसरा खेळाडू मिळत नाही, निवडीचा हक्क मिळत नाही, आणि हस्तांतराचे ठरलेले मूल्यही मिळत नाही; फार तर एक जागा रिकामी होते. त्यामुळे या व्यवहाराला ‘अदलाबदल’ म्हणणे चुकीचे आहे. तो सालगड्याचाच व्यवहार आहे, ज्यात गडी गमावणाऱ्या मालकाला नव्या मालकाकडून काही येणे नसते. या पद्धतीचा सर्वांत गाजलेला लाभार्थी राजस्थान होता, ज्याने हृषिकेश कानिटकर, आकाश चोप्रा आणि रश्मी रंजन परिदा या बाहेरच्या अनुभवी फलंदाजांच्या बळावर कानिटकर यांच्या नेतृत्वाखाली २०१०-११ आणि २०११-१२ असे लागोपाठ दोन करंडक जिंकले. त्यानंतर अनेक दुबळ्या संघांना पाहुण्यांचे औषध मोहवू लागले.

विदर्भानेही ते घेतले होते, आणि काही काळ त्याचा गुण आला नाही. साईराज बहुतुले यांच्यासारखे नामवंत येऊन गेले, २०१४-१५ मध्ये तमिळनाडूचे एस. बद्रीनाथ आणि कर्नाटकाचे गणेश सतीश आले, आणि संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत सरकला. पण त्यापुढे धाव गेली नाही. २०१५-१६ मध्ये मुंबई सोडून वसीम जाफर आले तेव्हा ते सदतिशीत होते, आणि मुंबईने त्यांच्याशिवाय त्याच हंगामात रणजी करंडक जिंकला. ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते, पण खेळाडूच्या मोलाचा विचार करणाऱ्याला तिच्यापाशी थांबावेच लागते. ज्या घरात गड्यांची रेलचेल असते तेथून एक गेला तर उणीव भासत नाही, आणि ज्या घरात अनुभवी हात एकही नसतो तेथे तोच गडी सगळ्या वहितीची पद्धत बदलू शकतो. हजारे गेल्याने महाराष्ट्र रिता झाला, जाफर गेल्याने मुंबई रिती झाली नाही; गुणांचे कोणतेही कोष्टक या दोघांना जवळपास सारखेच अंक देईल, आणि म्हणूनच ते कोष्टक या प्रश्नापुरते निरुपयोगी ठरेल.

जाफर यांच्या सालाचा तपशीलही बोलका आहे. २०१६-१७ चा पूर्ण हंगाम त्यांना दुखापतीमुळे खेळता आला नाही, आणि पुढच्या हंगामात ते मानधन न घेता खेळले, असे त्यांनी स्वतः सांगितले होते. तो हंगाम विदर्भाच्या इतिहासातील पहिल्या अजिंक्यपदाचा ठरला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, म्हणजे तेही एका अर्थाने पाहुणेच, आणि कर्णधार फैज फझल नागपूरचे. कर्नाटकाविरुद्धचा उपांत्य सामना विदर्भाने कोलकात्यात अवघ्या ५ धावांनी जिंकला, आणि इंदूरला, म्हणजे नायडूंना ज्या शहराने नेले त्याच शहरात, १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला ९ गड्यांनी हरवून रणजी पदार्पणानंतर साठ वर्षांनी करंडक नागपूरला आणला. त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणी यांनी सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, जे रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी एकदाच घडले होते, आणि अक्षय वाडकर यांनी पहिले प्रथमश्रेणी शतक, १३३ धावांचे, काढले. जाफर यांनी पहिल्या डावात ७८ केल्या. हे तीन आकडे एकत्र वाचले की पाहुण्यांचा वाद बराच निवळतो, कारण करंडक जिंकून देणारे मुख्य हात घरचे होते, आणि पाहुणा त्यांच्या बाजूला उभा होता. बद्रीनाथ यांच्या काळातही पाहुणे कमी प्रतीचे नव्हते. त्या वेळी घरचे हात अजून तयार व्हायचे होते, इतकेच. पुढल्या हंगामात, वयाच्या चाळिशीत, जाफर यांनी १०३७ धावा केल्या आणि ७ फेब्रुवारी २०१९ रोजी जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला; तेव्हाही सामन्यात ११ बळी घेऊन आणि चेतेश्वर पुजारा यांना दोन्ही डावांत बाद करून निकाल फिरवणारे आदित्य सरवटे हे विदर्भाचेच होते.

जामठ्याचे हे मैदान नागपूर शहरापासून वर्ध्याकडे येणाऱ्या रस्त्यावर आहे. भूगोलाने ते जिल्ह्याच्या दाराशी आले, तरी वर्ध्याच्या मुलाला त्या दारातून आत जाण्यासाठी अकरा जिल्ह्यांच्या गर्दीतून वाट काढावी लागते, आणि संघातील अकरांपैकी तीन जागांवर पाहुणे असतील तर ती वाट आणखी चिंचोळी होते. पाहुण्यांना विरोध करणाऱ्यांचा हा सर्वांत सबळ मुद्दा आहे, आणि अजिंक्यपदांची यादी पुढे करून तो खोडता येत नाही. वर्ध्यात ४ ऑक्टोबर १९९८ रोजी जन्मलेले वेगवान गोलंदाज दर्शन नळकांडे यांचे उदाहरण या ठिकाणी उद्बोधक आहे, कारण त्यांनी ही वाट काढली, आणि वर त्यांच्या मोलाची जाहीर बोलीही झाली. २०२१ च्या नोव्हेंबरात दिल्लीत, वीस षटकांच्या सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या उपांत्य सामन्यात, त्यांनी कर्नाटकाविरुद्ध लागोपाठच्या चार चेंडूंवर चार बळी घेतले. सामना विदर्भाने ४ धावांनी गमावला. इंडियन प्रीमियर लीग या फ्रँचायझी स्पर्धेच्या लिलावात त्यांना २०१९ च्या हंगामासाठी पंजाबने ३० लाख रुपयांना घेतले होते, आणि त्या चार चेंडूंनंतर तीन महिन्यांनी झालेल्या लिलावात गुजरातने २० लाखांना. पराक्रम वाढला आणि भाव उतरला.

लिलावाची ही लहर समजण्यासाठी उमेश यादव यांच्या भावाचा चढउतारही पाहता येतो. २०१८ मध्ये बेंगळुरूने त्यांच्यासाठी ४.२० कोटी मोजले, २०२२ मध्ये कोलकात्याने २ कोटी, आणि २०२४ साठी गुजरातने ५.८० कोटी; मधल्या वर्षी, म्हणजे या तिन्हींत जेव्हा ते सर्वांत स्वस्त होते तेव्हा, त्यांनी १६ बळी घेतले. लिलावात भाव ठरतो तो त्या दिवशी दालनात बसलेल्यांच्या गरजेने आणि त्यांच्या थैलीत उरलेल्या रकमेने. लिलावाबाहेर याच स्पर्धेत अमेरिकेच्या धर्तीची खरी अदलाबदलही चालते, जिला तेथे ‘ट्रेड’ असेच म्हणतात. २००९ मध्ये मुंबई आणि दिल्ली यांनी आशिष नेहरा व शिखर धवन यांची केलेली अदलाबदल ही तिच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात रवींद्र जडेजा व सॅम करन यांच्या बदल्यात संजू सॅमसन चेन्नईला गेले ही अलीकडची. या व्यवहारांत दोन्ही पारडी निदान दिसतात. रणजीत ती दिसत नाहीत.

विदर्भाच्या तिसऱ्या अजिंक्यपदाने पाहुण्यांच्या वादाला आणखी एक पीळ दिला. इंग्लंडविरुद्ध कसोटीत नाबाद ३०३ धावा करणारे करुण नायर कर्नाटकाच्या संघातून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये विदर्भाने त्यांना घेतले, दिल्लीचे ध्रुव शोरे त्याच सुमारास आले, आणि २०२४ च्या मार्चमध्ये अंतिम सामन्यात मुंबईकडून हार पत्करल्यावर वर्षभराने संघ पुन्हा त्याच टप्प्यावर, यावेळी घरच्या जामठ्यात, केरळपुढे उभा राहिला. पहिल्या सकाळी ३ बाद २४ अशी अवस्था असताना २१ वर्षांचे नागपूरचे दानिश मालेवार आणि नायर यांनी २१५ धावांची भागी केली. मालेवार १५३ वर गेले, नायर ८६ वर धावबाद झाले आणि दुसऱ्या डावात त्यांनी १३५ केल्या. विदर्भाच्या ३७९ धावांना केरळने ३४२ ने उत्तर दिले, आणि २ मार्च २०२५ रोजी पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाचा झाला. त्या हंगामात सर्वाधिक धावा, ९६०, यश राठोड यांच्या होत्या आणि ६९ बळींचा रणजीतील नवा विक्रम हर्ष दुबे यांचा, दोघेही विदर्भाच्या मुशीत घडलेले. पहिल्या डावात केरळकडून ७९ धावा काढून ती आघाडी आणखी अरुंद करणारे फलंदाज होते आदित्य सरवटे. सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर विदर्भाला करंडक राखून देणारे सरवटे त्या हंगामात केरळचे पाहुणे झाले होते, आणि घेणारा संघ म्हणून नावारूपाला आलेला विदर्भ आता देणाराही झाला होता.

त्यामुळे नायर यांचे मोल नेमके किती, याचे उत्तर त्यांच्या त्या हंगामातील ८६३ रणजी धावांपेक्षा मालेवार यांच्या १५३ मध्ये शोधणे अधिक न्याय्य ठरते, कारण नायर यांच्या धावा खेळाडूबरोबर निघून जातात आणि मालेवार यांच्या धावा संघाकडेच राहतात. नायर यांच्या धावा गेल्याही लवकरच. एकदिवसीय सामन्यांच्या विजय हजारे करंडकात आठ डावांत पाच शतकांसह ७७९ धावा आणि रणजीतील या कामगिरीने नायर यांना २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कसोटी संघात परत नेले, आणि त्या उन्हाळ्यानंतर ते पुन्हा कर्नाटकाकडे गेले. त्याच सुमारास अमरावतीत जन्मलेले, विदर्भाचे यष्टिरक्षक फलंदाज जितेश शर्मा यांनीही संघ बदलला, आणि ते ज्या संघाकडे गेले तो बडोद्याचा होता.